कुटुंबविचार : एकाचे ग्रीन कार्ड आणि साऱ्या घराची ठेव

समुद्र ओलांडणाऱ्या माणसाविषयी आपल्या घरांतून चालत आलेला वाद जुना आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, त्या काळी हा वाद धर्माचा होता. परत आलेल्यास पंक्तीस घ्यावे की त्यास प्रायश्चित्त द्यावे, याची चर्चा पुढेही कित्येक वर्षे चालली होती. आज परदेशगमनाबद्दल कोणी भुवई उंचावीत नाही. तथापि वाद संपला असे मात्र नाही. तो देवघरातून उठून तिजोरीपाशी जाऊन बसला आहे. गेलेल्या मुलाने तेथे कायमचे राहावे काय, आणि त्यासाठी घराने आपली किती ठेव मोकळी करावी, हा आजचा प्रश्न आहे. वाशीम जिल्ह्यातून आमच्याकडे आलेल्या एका पत्राने तो इतक्या स्पष्टपणे मांडला आहे, की या महिन्याचे सदर त्यासच द्यावे असे आम्ही ठरविले.

पत्रलेखक कारंज्याच्या बाजूचे. घरी वृद्ध आईवडील, स्वतः पत्रलेखक, त्यांची पत्नी व दोन मुलगे. कपाशी, तूर व सोयाबीन यांची वडिलोपार्जित शेती आणि वडिलोपार्जित पैशावरच उभी राहिलेली एक लहान जिनिंग फॅक्टरी, हा उद्योग. काही जमीन समृद्धी महामार्गात गेली. तिचे पैसे बँकेत आहेत. भगिनी अकोल्यास दिलेली. धाकटे बंधू २०१० साली संगणक अभियंता म्हणून अमेरिकेस गेले, ते एच-१बी परवान्यावर अद्याप तेथेच आहेत. कायम वास्तव्यासाठी त्यांचा अर्ज नोकरीच्या वर्गातून २०१५ साली दाखल झाला, आणि तो रांगेत पडून आहे. त्यांची मुलगी येथे जन्मलेली; ती आता १८ वर्षांची आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की वडिलांच्या अर्जातून तिचे नाव गळते. यास्तव धाकट्या बंधूंनी असे सुचविले आहे, की भांडवल गुंतवून कायम वास्तव्य मिळविण्याचा जो दुसरा मार्ग आहे तो धरावा. त्यास लागणाऱ्या ८ लाख डॉलरांपैकी २ लाख त्यांच्यापाशी आहेत, उरलेले घराने उभे करावे. कागदावर ते बक्षीस म्हणून दाखवावे लागेल. आपापसांत मात्र ते उसने समजावे आणि पाच-सात वर्षांत परत यावे. वडील म्हणतात, देऊन टाका. वहिनीसाहेब विचारतात, आमच्या मुलांचे काय? भगिनीस अद्याप कोणी विचारलेलेच नाही.

प्रथम हा मार्ग काय आहे ते पाहू. अमेरिकेने १९९० सालच्या कायद्याने तो उघडला. ईबी-५ या नावाने तो ओळखला जातो. मार्च २०२२ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली. सामान्यतः १० लाख ५० हजार डॉलर गुंतवावे लागतात; ग्रामीण भागात, अथवा बेकारी फार असलेल्या भागात गुंतविल्यास ८ लाख पुरतात. १ जानेवारी २०२७ पासून या रकमा महागाईच्या मानाने वाढविण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. प्रत्येक गुंतवणूकदारामागे दहा माणसांस पूर्ण वेळ काम मिळाले पाहिजे. स्वतः धंदा काढून हे करता येते. पण बहुतेक लोक सरकारमान्य मध्यस्थ केंद्रांच्या द्वारे एखाद्या मोठ्या बांधकामात पैसे घालतात. पैसा खऱ्या अर्थाने धोक्यात असला पाहिजे. तो हटकून परत मिळेल असा करार झाल्यास अर्जच बाद होतो. अर्ज मंजूर झाल्यावर प्रथम दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते, आणि दहा माणसांस काम मिळाल्याचे सिद्ध केल्यावर ती शर्त उठते.

भारतीयांस या मार्गाचे आकर्षण का वाटते, हे समजण्यासारखे आहे. अमेरिकेच्या कायद्यात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस वर्षाच्या परवान्यांपैकी साधारण शेकडा ७ पेक्षा अधिक मिळत नाहीत. परिणामी २०२५ साली नोकरीच्या दुसऱ्या वर्गात भारतीयांच्या २०१३ च्या आरंभीच्या अर्जांचा विचार चालला होता. गुंतवणुकीच्या वर्गात मात्र शेकडा २० परवाने ग्रामीण भागातील गुंतवणुकीसाठी राखून ठेवले आहेत, आणि त्या राखीव भागात २०२५ साली भारतीयांसाठी रांग लागलेली नव्हती. ही स्थिती महिन्यामहिन्यास प्रसिद्ध होणाऱ्या सरकारी पत्रकात पाहून घ्यावी लागते. शिवाय जो अमेरिकेत आधीच रीतसर राहत आहे, त्यास गुंतवणुकीचा अर्ज आणि कार्डाचा अर्ज एकाच वेळी करता येतात. आणि गुंतवणुकीच्या अर्जाच्या तपासणीस लागलेला काळ मुलीच्या वयातून वजा होतो. म्हणजे धाकट्या बंधूंची माहिती चुकीची नाही, आणि त्यांची घाईही निष्कारण नाही. बापाला मुलीसाठी जे वाटावे तेच त्यांना वाटत आहे. त्यांच्यावर स्वार्थीपणाचा आरोप करून हा प्रश्न सोडविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही.

अटी घालून परक्या भूमीत वस्ती देणे ही रीत जगास नवी नाही, आणि वऱ्हाडास तर नाहीच नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीम येथेच १९३९ साली सापडला. तो ब्राह्मणांस दिलेल्या ग्रामदानाचाच आहे. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळील चम्मक येथे मिळाला. त्यात एक हजार ब्राह्मणांस गाव दिल्याचे सांगून पुढे अटी घातल्या आहेत: त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांस उपद्रव देऊ नये, तसे केल्यास राजाने गाव काढून घेतले तरी ती चोरी ठरणार नाही. तेव्हा वस्तीस अटी असाव्यात याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ते दान पुत्रपौत्रांपर्यंत चालणारे होते. घेणारा एकटा नव्हता. त्याचा वंश त्यात गृहीत धरलेला होता. आजच्या परवान्यात हेच नेमके उलटे आहे, आणि पत्रलेखकांच्या घराने विचार करावयाचा तो येथे.

अमेरिकेच्या या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले. आईवडील त्यात नाहीत, भाऊ-भावजय नाहीत, पुतणे नाहीत. कायम वास्तव्य मिळाल्यावरही त्यास आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी नागरिक व्हावे लागते, आणि नागरिकत्व सामान्यतः पाच वर्षांनी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून तेथील नागरिक होणे म्हणजे येथील नागरिकत्व सोडणे. भावासाठी नागरिकास अर्ज करता येतो. पण भारतीयांची ती रांग वीस वर्षांच्या आसपासची आहे. कार्ड मिळाले म्हणून येणे-जाणे मोकळे झाले असेही नव्हे. पूर्वपरवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तेथील वास्तव्य सोडल्याचे समजले जाते. वडील अंथरुणास खिळले तर धाकटे बंधू भेटीस येतील, परंतु दीड-दोन वर्षे उशाशी बसू शकणार नाहीत. ते काम येथल्या भावाकडे आणि वहिनींकडेच येणार. थोडक्यात, सारे घर मिळून जो दरवाजा विकत घेणार, त्यातून घराचा एक चतकोर तेवढा आत जाणार आहे. हे समजून कोणी पैसे दिले तर आमचा आक्षेप नाही. ते न समजता, ‘एकजण गेला की हळूहळू सगळ्यांची सोय होईल’ अशा भ्रमात देणे मात्र चुकीचे.

दुसरी गोष्ट अशी, की एकत्र कुटुंबास केवळ अमेरिकेचा कायदा ओळखत नाही असे नव्हे. पैसे बाहेर पाठविण्याच्या बाबतीत आपलाही कायदा त्यास ओळखत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे येथे राहणाऱ्या एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठविता येतात. ही मोकळीक व्यक्तीस आहे. हिंदू एकत्र कुटुंबास नाही, भागीदारीस नाही. म्हणजे कर्त्याने घराच्या खात्यातून रक्कम उचलून पाठवावी हे संभवत नाही. प्रथम ती कोणा एकाची झाली पाहिजे. वडिलांची, आईची, भावाची. मग त्याने ती बक्षीस द्यावयाची. आयकराच्या कायद्यात कोणत्या नातलगाचे बक्षीस करमुक्त, याची यादी ठरलेली आहे. तीत आईवडील, सख्खे भाऊ-बहीण, काका-मामा व आत्या-मावशी येतात; चुलतभाऊ येत नाही. आपल्या घरांतून चुलतभाऊ आणि सख्खा भाऊ यांत भेद करावयाचा नाही असे आपण मुलांस शिकवितो. कायदा तो करतो. शिवाय प्रत्येक देणाऱ्याकडे तो पैसा कोठून आला, याचा पुरावा अमेरिकेचे सरकार मागते. सातबारा, खरेदीखत, वाटणीपत्र, बँकेचे उतारे, आयकराची विवरणे असा सारा संसार इंग्रजीत उतरवून तेथे पाठवावा लागतो.

आणखी एक अडचण अशी, की परदेशी पाठविलेल्या अशा रकमेवर, माणशी १० लाख रुपयांच्या पुढे, बँक शेकडा २० प्रमाणे आगाऊ कर गोळा करते. तो पुढे आयकराच्या हिशेबात वळता होतो अगर परत मिळतो. पण तोपर्यंत तेवढी रक्कम हाताशी जादा असावी लागते.

आता पत्रलेखकांच्या घराचा हिशेब मांडू. त्यांच्या अंदाजाने शेती, जिनिंग, वाडा व बँकेतील ठेव मिळून सारी मिळकत साडेसात कोटींची होते. हिंदू कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीची आज वाटणी झाली, तर वडील, आई, दोन मुलगे व मुलगी असे पाच समान हिस्से पडतात. प्रत्येकी दीड कोटी. मुलीचे नाव वाचून कोणी चमकू नये. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो हक्क निःसंदिग्ध केला आहे. तिच्या संमतीवाचून ही मिळकत विकण्यास निघालेल्या घरास पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर दोष तिचा नसेल.

डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तरी ८ लाख डॉलर म्हणजे ६ कोटी ८० लाख रुपये. धाकट्या बंधूंचे स्वतःचे २ लाख डॉलर म्हणजे १ कोटी ७० लाख. त्यांचा घरातील हिस्सा १ कोटी ५० लाख. दोन्ही मिळून ३ कोटी २० लाख झाले. उरलेले ३ कोटी ६० लाख आईचे, वडिलांचे, भावाचे आणि बहिणीचे आहेत. या चौघांचे मिळून सहा कोटी आहेत. त्यांतून एवढे गेल्यावर २ कोटी ४० लाख राहतील. दीड कोटीच्या जागी प्रत्येकी ६० लाख. ३ कोटी ६० लाख निदान दोघांच्या नावे पाठवावे लागतील, आणि त्यावर आगाऊ कराचे ६८ लाख भरावे लागतील, ते याच २ कोटी ४० लाखांतून. मध्यस्थ केंद्राचे शुल्क, वकिलाचे शुल्क आणि अर्जाची फी यांत धरलेलीच नाही. एवढे साधे गणित त्या घरात कोणी कागदावर मांडले नसावे, असे पत्रावरून दिसते. ‘देऊन टाका’ असे म्हणणाऱ्या वडिलांपुढे आधी हा कागद ठेवावा.

पत्रातील ज्या वाक्याने आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ केले, ते निराळेच आहे: ‘कागदावर बक्षीस, आपापसांत उसने.’ आपल्या घरांतून असे व्यवहार पिढ्यान् पिढ्या झालेले आहेत, हे आम्ही जाणतो. थोरल्याने धाकट्याचे शिक्षण केले, धाकट्याने थोरल्याच्या मुलीचे लग्न केले. कोणी लिहून ठेवले नाही आणि कोणाचे अडले नाही. पण येथे प्रश्न विश्वासाचा नाही, शपथेचा आहे. परत न करण्याच्या बोलीवर ही रक्कम मिळाली, असे परक्या सरकारपुढे सही करून सांगावयाचे, आणि घरात तिची परतफेडीची मुदत ठरवावयाची, हे दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. असत्य उघडकीस आले तर कार्ड जाते. ते उघडकीस आले नाही तर घर जाते. कारण बक्षीस म्हणून लिहून दिलेल्या रकमेचा तगादा थोरल्याने कोणत्या तोंडाने करावयाचा? आणि ज्या गुंतवणुकीत पैसा परत मिळण्याची हमी घेताच येत नाही, तिच्या भरवशावर भावाने भावास मुदत तरी कशी द्यावयाची? दोघेही सज्जन असतील. पण अशा बोलीने सज्जन भाऊच एकमेकांपासून दुरावतात, कारण भांडावयास कागद नसतो आणि विसरावयास रक्कम लहान नसते.

पैसा खरोखर बुडतो काय, असे कोणी विचारील. व्हर्माँट संस्थानातील जे पीक या हिमक्रीडास्थानाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या देशांतील शेकडो लोकांनी याच मार्गाने त्यात पैसे घातले होते. २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा गैरवापर झाल्याचा दावा तेथील रोखे नियामकाने २०१६ साली दाखल केला, आणि २०२२ साली चालकांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. त्यानंतर कायदा कडक झाला, हिशेबतपासणी वाढली. तरी मुळातली जोखीम आहे तशीच आहे.

या मार्गांची दारेही राज्यकर्त्यांच्या मर्जीप्रमाणे उघडतात आणि मिटतात. कॅनडाने आपली जुनी गुंतवणूकदार योजना २०१४ साली बंद केली. इंग्लंडने फेब्रुवारी २०२२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये तेच केले. पोर्तुगालने २०२३ साली घर घेऊन परवाना मिळविण्याची वाट काढून टाकली. अमेरिकेतील मध्यस्थ केंद्रांचीही मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंतचीच आहे. तेथेच सप्टेंबर २०२५ मध्ये ‘गोल्ड कार्ड’ नावाची निराळी योजना निघाली. तीत सरकारास १० लाख डॉलरांची देणगीच द्यावयाची असते, म्हणजे परत मिळण्याची भाषाच नाही. दुबई-अबुधाबीकडे २० लाख दिरहमची मालमत्ता घेतल्यास दहा वर्षांचा परवाना मिळू शकतो. पण तो मुदतीचा आहे. त्या मुलखात गेलेल्या आपल्या माणसांची रीत मात्र निराळी होती. विदर्भातून १९८४ साली दुबईस गेलेले धनंजय दातार वडिलांच्या लहानशा वाणसामानाच्या दुकानात राबले आणि त्यातून त्यांनी मसाल्याचा मोठा व्यापार उभा केला. तेथे आधी श्रम, मग धंदा, मग प्रतिष्ठा असा क्रम होता. प्रस्तुत मार्गात आधी भांडवल जाते, ते दुसऱ्याच्या बांधकामात जाते, आणि गुंतविणारा आपल्या नोकरीवर असतो तेथेच असतो. यास धंदा म्हणण्यापेक्षा धोक्याची फी म्हणणे अधिक योग्य.

विकावयाच्या वस्तूंत शेती आहे, म्हणून दोन शब्द तिच्याविषयी. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. विदर्भाकरिता १९५८ चा कूळवहिवाटीचा कायदा आहे. घराने शेवटचा तुकडा विकला, की पुढे पैसा हाती आला तरी जमीन परत घेणे अवघड होते. परदेशी राहणाऱ्या भारतीयास तर येथे शेतजमीन विकत घेताच येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणून काहीही झाले तरी निदान काही एकर आईवडिलांच्या आणि थोरल्या बंधूंच्या नावे राहिलेच पाहिजेत. धाकट्या बंधूंनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कायम वास्तव्य मिळालेल्यास जगभरच्या उत्पन्नावर अमेरिकेत कर द्यावा लागतो, येथे करमुक्त असलेले शेतीचे उत्पन्न तेथे करमुक्त नाही.

जिनिंगचे तर याहून वाईट वाटते. अमेरिकेने आपल्या खेड्यांत पैसा यावा म्हणून ग्रामीण गुंतवणुकीस पहिला मान दिला, आणि दहा माणसांस काम मिळाल्याचा दाखला मागितला. हे शहाणपण घेण्यासारखे आहे. वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. कारंज्याने परक्याचे भांडवल पूर्वीही पाहिले आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ आगगाडी विसाव्या शतकाच्या आरंभी विलायती कंपनीच्या पैशावर सुरू झाली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. कापूस गेला, नफा गेला. गाडीही आता धावत नाही. आपल्याच घरचा कारखाना मोडून त्यातल्या हंगामी मजुरांचे काम काढावयाचे आणि तो पैसा सातासमुद्रापलीकडच्या खेड्यात दहा अनोळखी माणसांना काम देण्यासाठी धाडावयाचा, हा व्यवहार निषिद्ध नाही. पण तो करण्यापूर्वी एक रात्र झोप न लागावी इतका तो विचारात घेण्याजोगा आहे.

तर मग आमचा सल्ला काय? तो असा. सर्वांनी एकत्र बसावे. भगिनींस अकोल्याहून बोलवावे, आणि बंधूंस दूरध्वनीवर घ्यावे. मिळकतीची किंमत तटस्थ माणसाकडून ठरवून घ्यावी. धाकट्या बंधूंस त्यांचा हिस्सा नोंदविलेल्या वाटणीपत्राने मोकळा करून द्यावा. तो पैसा मग खरोखर त्यांचा होतो. कोणास खोटे सांगावे लागत नाही, आणि त्याचे त्यांनी काय करावे हे विचारण्याचा अधिकार कोणास उरत नाही. आईवडिलांचे दोन हिस्से त्यांच्या हयातीत त्यांच्याच नावे राहावेत. त्यांस हात लावू नये, त्यांनी स्वतः आग्रह केला तरी लावू नये. थोरले बंधू अगर भगिनी यांना स्वतःच्या हिश्श्यातून काही द्यावेसे वाटले, तर द्यावे. पण ते परत येणार नाही असे मनाशी ठरवून, जेवढे गेले तरी आपल्या मुलांच्या तोंडाकडे पाहता येईल तेवढेच. वहिनीसाहेबांचा प्रश्न हा या घरातील सर्वांत शहाणा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आकड्यात दिल्यावाचून पुढे जाऊ नये.

एवढ्याने ८ लाख डॉलर पुरे होणार नाहीत, हे उघड आहे. मग मुलीचे काय? तिच्यापुढे अंधार नाही. वडिलांचा मूळ अर्ज मंजूर असल्यास त्यांचा नोकरीचा परवाना वाढवून मिळत राहतो. तेव्हा घर मोडावयाचे नाही. २१ वर्षांनंतर मुलीस विद्यार्थिनी म्हणून स्वतंत्र परवाना घेता येतो. त्यात खर्च आहे, काळजी आहे, पुढची शाश्वती नाही. पण तो खर्च साडेतीन कोटींच्या पासंगासही लागत नाही, आणि त्यासाठी काकांनी, आत्यांनी, आजी-आजोबांनी हातभार लावणे ही आपल्या घरांची खरी परंपरा आहे. ती मुलगी अमेरिकेत वाढली. तिचे म्हणणेही कोणी विचारावे. आजोबांची जमीन विकून आपल्याला येथे ठेवले, हे ओझे तिने जन्मभर वाहावे, असे तिलाही वाटत नसेल.

एकत्र कुटुंब कायद्याने टिकत नाही, हे आता दोन्ही देशांच्या नियमांनी दाखवून दिलेच आहे. ते टिकते ते कोणाचे काय आहे हे स्पष्ट ठेवून, आणि मग त्यातले आपण होऊन दिल्याने. प्रत्येकाचा हिस्सा आधी नीट मोजावा, म्हणजे पुढे जे दिले जाईल ते मनापासूनचे असेल. पत्रलेखकांनी आपल्या बंधूंस पैशाचा होकार अगर नकार कळविण्यापूर्वी हा हिशेबाचा कागद पाठवावा. आम्हांस वाटते, तो वाचल्यावर धाकटे बंधूच पहिले म्हणतील, की दादा, माझ्या वाट्याचे तेवढे पुरे.